आंबिल घड्याळ रोज पुढे जातं

भवानी पेठ, पुणे
१४ नोव्हेंबर २०२२

श्री. दिगंबर बेनकर यांस,

आपला फोन बंद लागतो. मेलला उत्तर नाही. म्हणून घड्याळाच्या खोक्यावर छापलेल्या धायरीच्या पत्त्यावर हे टपाल टाकतो आहे. हल्ली पत्र आलं की लोक नोटीस समजून लगेच उघडतात, तेवढाच फायदा.

मी युसूफ तांबोळी, चष्मेवाला. गेल्या वर्षी आपलं ‘आंबिल’ घेतलं, क्रमांक चौतीस. आपण स्वतः स्कूटरवरून दुकानात आणून दिलं होतं. घड्याळाला पुण्यातल्या आंबिल ओढ्याचं नाव का दिलं असं मी विचारलं, तेव्हा आपण म्हणाला होता, “नद्या मोठ्या कंपन्यांनी नेल्या, आमच्या वाट्याला ओढाच उरला.” आठवत असेल.

तक्रार अशी आहे. घड्याळाचं जे बाहेरचं फिरतं कडं आहे, त्यावरची बाराची खूण आतल्या बाराच्या खुणेसमोर येत नाही. केसभर डावीकडे राहते. माझी पत्नी म्हणते, तिला काही दिसत नाही. पण केसभर फरक दिसणं हाच माझा धंदा आहे. “दोष निघाला तर घड्याळ माझ्याकडे परत द्या” हे आपलेच शब्द. द्यायला मी तयार आहे, घ्यायला कोणी आहे का?

दुकान गुंडाळलं असेल तर तसं स्पष्ट सांगा. लहान ब्रँडचं घड्याळ घेताना माणूस नुसतं घड्याळ घेत नाही, बनवणाऱ्याचा शब्द घेतो. तो शब्द फोन उचलत नसेल तर मोठ्या कंपनीचं काय वाईट होतं?

युसूफ तांबोळी

---

धायरी, पुणे
२६ नोव्हेंबर २०२२

श्री. युसूफ तांबोळी यांस,
नमस्कार.

आपलं पत्र माझ्या मुलाच्या नावाने आलं, मी उघडलं. दिगंबर ऑगस्टमध्ये गेला. झोपेत हृदय बंद पडलं. छत्तिसावं वर्ष चालू होतं. त्याच्या फोनचं कुलूप आम्हाला उघडता आलं नाही, म्हणून कोणाला कळवताही आलं नाही. आपल्याला ताटकळत राहावं लागलं याचं वाईट वाटतं.

पत्राच्या वर आपला फोन नंबर छापलेला आहे. पण हल्ली मला फोनवर बोलता येत नाही. मध्येच थांबावं लागतं. पत्र लिहिताना थांबलं तर समोरच्याला कळत नाही, म्हणून पत्रच लिहितो.

मी कात्रजला दूध संघाच्या प्रयोगशाळेत होतो. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. आलेलं दूध तपासायचं, चांगलं असेल तर घ्यायचं, नसेल तर परत पाठवायचं, एवढंच काम नोकरीभर केलं. घड्याळातलं मला काही कळत नाही. दिगंबर मशीन जपानहून मागवायचा, डबी आणि काटे चीनहून, पट्टा कानपूरहून. मागच्या खोलीत बसून जोडायचा आणि वर ‘आंबिल’ लिहायचा. मी त्याला म्हणायचो, “दुसऱ्याचं दूध आपल्या कॅनमध्ये ओतून विकणाऱ्याला आम्ही काय म्हणतो माहीत आहे का?” तो हसायचा. “बाबा, तुमच्या संघाने तरी कुठे गाय पाळली आहे?” म्हणायचा.

आता आपल्याला एक विचारायचं आहे, आणि खरं उत्तर हवं आहे. घड्याळं वाईट होती का?

विचारण्याचं कारण आहे. त्याच्या हातातलं घड्याळ आमच्याकडे आहे. ते रोज दहा-बारा मिनिटं पुढे जातं. मागच्या वर्षी कुरिअरवाला खोकी घेऊन जाताना मी पाहिला होता, ती खोकी बरीच होती. लोक घड्याळं परत करत असावेत आणि दुरुस्त होऊन पुन्हा जात असावीत, असं मला तेव्हाच वाटलं होतं. विचारलं नाही. आता आपलंही पत्र आलं.

साठ घड्याळं विकली गेली आहेत. पत्ते त्याच्या एका वहीत आता सापडले. घड्याळात दोष आहे, माझा मुलगा आता नाही, त्याला माफ करावं, असं सगळ्यांना कळवण्याचा माझा विचार आहे. वाईट माल विकून वर गप्प बसणं आमच्या घरात चालणार नाही. मात्र त्याआधी निदान एका माणसाने मला स्पष्ट सांगावं असं वाटतं.

हिंदुराव बेनकर

---

भवानी पेठ
२ डिसेंबर २०२२

बेनकरसाहेब,

आपलं पत्र दुकानात उघडलं आणि गिऱ्हाईक समोर असताना आत जाऊन बसलो. पहिल्या पत्रात मी जे आणि ज्या भाषेत लिहिलं, त्याबद्दल काय बोलू? ते पत्र फाडून टाका. अल्लाह आपल्याला सबर देवो. एवढा मुलगा जाणं म्हणजे काय, ते मला कळतं असं मी म्हणणार नाही.

पण उत्तर मागितलं आहे, ते देतो. घड्याळ चांगलं आहे.

हे मी सांत्वन म्हणून लिहीत नाही. माझ्याकडे अशी लहान ब्रँडची सात घड्याळं आहेत आणि त्यांतल्या दोघा बनवणाऱ्यांना मी चारचौघांत शिव्या दिल्या आहेत. अशा घड्याळात मशीन बहुतेक वेळा जपानचंच असतं. ते सगळ्यांचं सारखंच. म्हणून मशीन बघून काही कळत नाही. बनवणाऱ्याने कुठे हात राखला, ते दुसरीकडे बघावं लागतं. मी आधी काच बघतो, कारण तेवढं मला येतं. चकाकी कमी करणारा लेप काचेच्या आतल्या बाजूला हवा. बाहेरून दिला की दुकानात सुंदर दिसतो आणि वर्षभरात चरे पडतात. आपल्या मुलाने आतून दिला आहे. मग भिंगातून काट्यांच्या कडा बघतो. स्वस्त काटा पत्र्यातून कापल्यासारखा दिसतो. याच्या कडा साफ आहेत. चावी बाहेर ओढून पुन्हा आत फिरवताना आटे खरखरतात का? नाही खरखरत. अंधारात आकडे सगळे सारखे उजळतात का? उजळतात. आणि चौतीस नंबर माझ्या हातात दिवसाला चार सेकंद पुढे जातं. या मशीनला कारखान्यातून येताना इतकं बरोबर चालण्याची सवय नसते. कुणीतरी बसून लावावं लागतं.

खोक्यांचं सांगतो. ती घड्याळं नव्हती. दिगंबर माझ्या दुकानात बसला होता तेव्हा स्वतः म्हणाला होता, तबकड्यांचा आख्खा माल परत पाठवला. कारण? सहाचा आकडा छापताना किंचित पसरला होता. मी म्हटलं, “अहो, कोणाला दिसणार आहे?” म्हणाला, “तुम्हाला दिसेल.” मी तेव्हा फार खूश झालो होतो. चीनच्या माणसाशी तीन महिने भांडून त्याने नव्या तबकड्या मागवल्या होत्या.

संघाने गाय पाळली नाही, पण कोणतं दूध घ्यायचं आणि कोणतं परत पाठवायचं ते आपण ठरवत होता. आपल्या मुलाने तेच केलं. आपल्या प्रश्नाचं उत्तर त्याने आधीच दिलं होतं, आपण हसण्यावारी नेलंत.

तेव्हा साठ लोकांना काही लिहू नका. मात्र आपल्याकडचं घड्याळ रोज बारा मिनिटं पुढे का जातं, ते मला कळत नाही. ते खाली पडलं होतं का? कुठे ठेवता? रोज हातात असतं का?

युसूफ तांबोळी

---

धायरी
१५ डिसेंबर २०२२

युसूफभाई,
नमस्कार.

आपलं पत्र दोनदा वाचलं. दिगंबरच्या आईलाही वाचून दाखवलं. तबकड्यांचं ऐकून ती म्हणाली, “लहानपणी बी असाच हुता. पाटीवरचं अक्षर वाकडं आलं की सगळी पाटी पुसायचा.”

पण मी आपल्याला खरं लिहितो. माझं समाधान झालेलं नाही. आपण भले माणूस आहात. दुःखात असलेल्या घरी कोणी वाईट लिहीत नाही. माझ्यासमोर घड्याळ रोज पुढे जातं आहे आणि ते मला दिसतं आहे. डोळ्यांनी दिसलेलं सोडून दुसऱ्याच्या शब्दावर माल पास करायची मला सवय नाही.

आपण विचारलं म्हणून सांगतो. घड्याळ पडलेलं नाही. दिगंबर गेला त्या दिवशी ते टेबलावर होतं, तिथून आम्ही ते त्याच्या फोटोसमोर ठेवलं. आम्ही ते हातात घालत नाही. रोज सकाळी दिवा लावून झाला की मी चावी देतो आणि आकाशवाणीच्या सातच्या बातम्यांशी लावतो. दुसऱ्या दिवशी सातला ते बारा मिनिटं पुढे असतं. कधी चौदा. रोज मागे आणायचं, रोज पुढे जायचं. खरं सांगायचं तर त्या वेळी फोटोकडे बघवत नाही.

फोटोची जागा बाहेरच्या खोलीत आहे. कोनाडा आहे. फोटो, समई, नामजपाची पेटी आणि घड्याळ, इतकंच. नामजपाची पेटी म्हणजे ती प्लास्टिकची असते ना, प्लगला लावली की दिवसरात्र नाम चालू राहतं, ती. पुतणी शकू दहाव्याला घेऊन आली. तेव्हापासून चालू आहे. घड्याळ त्या पेटीला टेकवून उभं केलं आहे. आडवं ठेवलं तर दिगंबरच्या आईला बघवत नाही.

अजून अकरा घड्याळं मागच्या खोलीत कपाटात आहेत. ती बंद खोक्यांत आहेत. मी उघडलेली नाहीत.

साठ कार्डं लिहून झाली आहेत. मजकूर सगळ्यांना एकच आहे. संक्रांतीनंतर टाकीन. सणाच्या तोंडावर कोणाच्या घरी असलं पत्र जायला नको. आपण माझ्यासाठी एवढं लिहिलंत, त्याचे आभार मानतो.

हिंदुराव बेनकर

---

भवानी पेठ
१९ डिसेंबर २०२२

बेनकरसाहेब,

कार्डं टाकू नका! हे पत्र कुरिअरने पाठवतो आहे, तेवढ्यासाठीच.

ती पेटी! तिच्यात स्पीकर असतो. स्पीकरमागे लोहचुंबक असतं. घड्याळात केसासारखी बारीक एक स्प्रिंग असते, गुंडाळलेली. सगळं घड्याळ तिच्या श्वासावर चालतं. चुंबक लागलं की तिची वेटोळी एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी होते आणि घड्याळ धावत सुटतं. आपण चार महिने ते घड्याळ चुंबकाला टेकवून उभं केलं आहे. माझं सर्वांत महाग घड्याळ तिथे ठेवलं असतं तरी तेच झालं असतं. हे चुंबक उतरवायची डबी माझ्याकडे आहे, घड्याळ नीट होतं.

माझ्यावर विश्वास ठेवू नका. ठेवणार नाहीच म्हणा. स्वतः तपासा. होकायंत्र मिळवा. घड्याळ पेटीपासून लांब न्या आणि होकायंत्र त्याच्याजवळ धरा. सुई हलली तर मी खरा. मग पेटीजवळ धरा आणि बघा काय होतं ते.

आणि एक काम करा, हे आपल्याला जड जाईल. त्या अकरांतलं एक खोकं उघडा. आपण नोकरीभर दूध तपासलंत, मला सांगा, एका कॅनवरून आख्खी गाडी परत पाठवत होता का?

युसूफ

ता. क. भाईसाहेब, मी नसीमबानू. हे आत गिऱ्हाईक बघतात तोवर लिहून घेते. नोव्हेंबरात यांनी घड्याळवाल्यांच्या ग्रुपवर लिहिलं होतं की धायरीचा आंबिलवाला पळाला. तुमचं पहिलं पत्र आलं त्या दिवशी ते काढून टाकलं आणि खरं काय ते लिहिलं. त्यावर एकतीस माणसांनी आपापल्या हातातल्या आंबिलचे फोटो टाकलेत. हे तुम्हाला सांगणार नाहीत, लाज वाटते त्यांना. म्हणून मी सांगितलं. भाभींना सलाम.

---

धायरी
२७ डिसेंबर २०२२

युसूफभाई,

होकायंत्र शेजारच्या शाळेतून आणलं. घड्याळ स्वयंपाकघरातल्या लाकडी पाटावर ठेवून त्याच्याजवळ धरलं. सुई हलली. थोडी नाही, चांगली फिरली. मग पेटीजवळ नेलं तर सुई गरगरली. दिगंबरची आई मागे उभी होती. “आता ह्यो काय परकार?” म्हणाली. मी तिला सगळं समजावून सांगितलं. तिने घड्याळ पाटावरून उचलून पदराने पुसलं. मग म्हणाली, “म्हंजी आपणच त्याला बिघडवलं व्हय?” मी म्हटलं, बिघडलं नाही, भाई म्हणतात नीट होतं.

खोकंही उघडलं. आपण म्हणालात तसं जड गेलं. आत त्याने पांढऱ्या कागदात घड्याळ गुंडाळून कागदाला चिकटपट्टी लावली होती. चिकटपट्टीचं टोक दुमडून ठेवलं होतं, उघडणाऱ्याला नखाने शोधत बसायला लागू नये म्हणून. ती सवय त्याची आईकडून आलेली. चावी दिली, हातात घातलं आणि सातच्या बातम्यांशी लावलं. दुसऱ्या दिवशी सातला बरोबर सात वाजले होते. तिसऱ्या दिवशीही.

कॅनमधलं दूध ढवळल्याशिवाय नमुना घ्यायचा नाही, हे मी नवीन मुलांना पहिल्या दिवशी शिकवायचो. वरचा थर घेतला तर निकाल चुकतो. मी इथे तेच केलं. आपण ओळखलंत.

कार्डं टाकली नाहीत. येत्या गुरुवारी घड्याळ घेऊन आपल्या दुकानात येतो. दिगंबरची आईही येते म्हणते.

हिंदुराव

---

धायरी
९ जानेवारी २०२३

युसूफभाई,

आपल्याकडून घरी आलो ते कळवायचं राहिलं. कळवण्यासारखं काही घडलं, म्हणून आज लिहितो.

आपण ती निळी डबी काढलीत, घड्याळ तिच्यावर धरलंत, बटण दाबलंत आणि बाजूला घेतलंत. मी विचारलं, “एवढंच?” आपण म्हणालात, “एवढंच. चष्म्याचा नंबर काढायला याहून जास्त वेळ लागतो.” तेव्हा आपल्याला वाटलं असेल मला शंका आहे. शंका नव्हती. चार महिने छातीवर काहीतरी ठेवलं होतं आणि ते कुणीतरी उचललं असं झालं. नसीमबानूंनी न विचारता चहा आणला, त्यांना कळलं असावं. दिगंबरच्या आईशी त्या कोथिंबिरीच्या भावावर बोलत बसल्या, तेही बरं झालं. चार महिन्यांत ती कोणाशी इतकं बोलली नव्हती.

घरी आल्यावर प्रश्न आला की आता घड्याळ कुठे ठेवायचं. कोनाड्यात पेटी आहे. मैना, म्हणजे दिगंबरची आई, म्हणाली, “पेटी आत ठिवू का?” मी म्हटलं, “ठेव.” तिने पेटी उचलली आणि हातात धरून तशीच उभी राहिली. पेटी चालूच होती, वायर लोंबत होती. मग म्हणाली, “एक इचारू? बंद केली तर तुमास्नी चालंल का?”

मी म्हटलं, “मला? मला कशाला विचारतेस? तुझ्यासाठी चालू आहे ना ती.”

“माझ्यासाठी? मला वाटलं तुमाला पायजे. तुमी रोज सकाळी समोर बसता. मी म्हनलं, नाव ऐकून मनाला बरं वाटत असंल. मला तर रात्री झोप न्हाई लागत त्या आवाजानं.”

“मलाही नाही लागत,” मी म्हटलं.

युसूफभाई, ती माझ्याकडे बघत राहिली आणि हसली. तिला हसताना ऑगस्टपासून मी पाहिलं नव्हतं. मग तिने प्लग काढला.

एकदम घर शांत झालं. शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी ऐकू आली. रस्त्यावरून कोणीतरी भांडत गेलं तेही ऐकू आलं. मैनाने घड्याळ उचललं आणि कानाला लावलं. “वाजतंय की,” म्हणाली. मी म्हटलं, वाजणारच. “आता ऐकू आलं,” ती म्हणाली. “दिगू असाच कानाला लावून बसायचा, मी वराडायची, जेवायला ये म्हून.”

कोनाड्यात आता फोटो आणि समई आहे. पेटी शकूकडे परत दिली. तिला खरं कारण सांगितलं, नाहीतर वाईट वाटलं असतं. “काका, मग मी एवढे दिवस तुमची झोप मोडली?” म्हणाली. मैना म्हणाली, “घड्याळाची बी मोडली.”

कार्डांचं सांगतो. साठही बंबात घातली, त्या दिवशी आंघोळीला पाणी चांगलं तापलं. त्या ऐवजी आपण सुचवलंत तसं दोन ओळींचं पत्र छापून घेतो आहे. मुलगा गेल्याचं त्यात येईल. घड्याळाला काही अडचण आली तर ती कोण बघेल, तेही येईल. आपण त्यात आपलं नाव घालू दिलंत याबद्दल आभार मानले तर आपण चिडाल, म्हणून मानत नाही. एकतीस जणांनी टाकलेले फोटो आपल्या भाच्याने माझ्या फोनवर पाठवले. मैनाने सगळे पाहिले. एकाच्या हातात घड्याळ होतं आणि मागे कोणत्यातरी देशात बर्फ पडत होता. ती म्हणाली, “आपला दिगू कुठं कुठं गेलाय बघा.”

आपल्या चौतीस नंबरचं कडं केसभर डावीकडे आहे. आणा, मी एखाद्या चांगल्या माणसाकडून सरळ करून देतो, असं मी दुकानात म्हणालो, तर आपण घड्याळ हातातून काढलंच नाही. “राहू द्या,” म्हणालात. राहू देतो.

दिगंबरचं घड्याळ आता कोनाड्यात ठेवत नाही. आपण सांगितलं होतं की हे मशीन हाताच्या हालचालीवर चालतं, माणसाने घातलं तर चावी द्यावी लागत नाही. माझे हात दिवसभर मांडीवर असतात. मैनाचे कधी थांबत नाहीत. पट्ट्याला दोन भोकं जास्तीची पाडून घेतली आणि तिलाच घातलं. पुरुषी घड्याळ आहे, मनगटावर मोठं दिसतं, पण तिने नाही म्हटलं नाही.

आज सकाळी ती भाकऱ्या थापत होती. घड्याळावर पीठ उडालं होतं. सातच्या बातम्या लागल्या तेव्हा मी रेडिओ तसाच ठेवून आत गेलो आणि तिचा हात धरून पाहिलं.

“काय झालं?” ती म्हणाली.

“काही नाही,” मी म्हटलं. “बरोबर सात.”

हिंदुराव